कार्ड खिशात, पण यादीत नाव?

मतदानाच्या सकाळी घरोघरी एकच शोधाशोध सुरू होते: ओळखपत्र कुठे ठेवले? मतदाराजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र हवेच, असा आग्रह तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ साली धरला. एकाच्या नावावर दुसऱ्याने मत टाकू नये, हा हेतू. २०२४ साली बुलढाणा विधानसभा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ८४१ मतांनी लागला. अशा चुरशीत तोतया मतदाराची धास्ती पोकळ म्हणता येत नाही.

पण पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेला मजूर मतदानाला गावी परतला आणि कार्ड सापडलेच नाही, तर? त्याचे मत बुडावे काय? आयोगाने त्यावर वाट ठेवली आहे. आधार, छायाचित्राचे बँक पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते. मात्र यादीतच नाव नसेल, तर खिशातले कार्डही निरुपयोगी! कार्ड फक्त ओळख पटवते; मत टाकता येते ते यादीतल्या नावामुळे. खोटे मत पडणे जितके वाईट, तितकेच खऱ्या मतदाराने केंद्रावरून माघारी फिरणेही.

तेव्हा वाचकहो, कार्डावरून वाद जरूर घाला. पण आधी घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत शोधा.