रंगीत क्यूआर कोड आणि देवनागरी मजकूर : धारणक्षमतेचा विचार

प्रस्तावना

पुणे येथील ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांत पाठ नसतो. ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावरील पाठाचा पत्ता असतो. जेथे आंतरजाल नाही, तेथे तो पत्ता निरुपयोगी ठरतो. म्हणून मजकूरच कोडमध्ये साठवता येईल काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

धारणक्षमता

१९९४ साली जपानमध्ये निर्माण झालेल्या या कोडच्या सर्वांत मोठ्या आकारात १७७ × १७७ घरे असतात व त्यांत कमाल २,९५३ बाइट मावतात. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास यूटीएफ-८ पद्धतीत तीन लागतात. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण व एकार अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट होतात. या हिशेबाने संपूर्ण कोडमध्ये जेमतेम दीड-दोनशे मराठी शब्द मावतील.

रंगांचे गणित

काळे किंवा पांढरे घर एक बिट माहिती देते. सायन, मॅजेंटा व पिवळी या तीन शाया प्रत्येक घरात असणे वा नसणे यांतून आठ रंग संभवतात. घरागणिक तीन बिट मिळून क्षमता तिप्पट होते. याच तत्त्वावरील जर्मनीतील ‘जॅब कोड’ला २०२२ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. परंतु रंग सोळा केले, तरी केवळ एकच बिट वाढतो आणि रंगांतील भेद ओळखणे अवघड होते.

मर्यादा

काळ्या-पांढऱ्या कोडसाठी उजेड व अंधार यांतील फरक पुरेसा असतो. रंगीत कोडमध्ये छपाईतील रंगांची जुळणी किंचित सरकली, कागद पिवळा पडला किंवा दिव्याचा प्रकाश बदलला, तरी वाचन चुकते. त्यासाठी संदर्भरंग व अधिक दोषनिवारक माहिती छापावी लागते. तिप्पट लाभ पूर्णपणे हाती येत नाही. काळी-पांढरी झेरॉक्स प्रत तर वाचताच येत नाही.

निष्कर्ष

१९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एकच बाइट लागतो. पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे या पद्धतीचा प्रसार केला. त्यानुसार ‘पुणे’ चार बाइटांत लिहिता येते. म्हणजेच आठ रंगांनी जेवढा लाभ होतो, जवळजवळ तेवढाच केवळ काळ्या शाईत मिळतो. दोन्ही उपायांना स्वतंत्र वाचक-प्रणाली आवश्यक आहे. तथापि मराठीपुरते पाहता रंगांआधी लिपीच्या संकेतनाचा विचार करणे अधिक किफायतशीर ठरेल.