डब्यावरचे ६५० वॅट आणि आतले आकडे

३९८ वॅट. रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड असलेला नवा गेमिंग पीसी पूर्ण ताकदीने चालला, तर त्याची गरज जवळपास एवढी असते. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, कार्ड २५० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना मिळून ६० वॅट धरले की बेरीज पूर्ण होते. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. त्यावर हा भार ६१ टक्के होतो, ५०० वॅटच्या सप्लायवर ८० टक्के आणि १००० वॅटच्या सप्लायवर ४० टक्के.

यातून पहिली गोष्ट कळते ती अशी, की मध्यम दर्जाच्या पीसीला १००० वॅटची गरज नाही. तेवढाच पैसा ६५० वॅटच्या चांगल्या सप्लायवर खर्च करावा. आता ‘चांगला’ कशावरून ओळखायचा, याची उत्तरे डब्यावरच्या मोठ्या अक्षरांत नसतात. ती बाजूच्या लेबलवर आणि कंपनीच्या माहितीपत्रकात असतात.

१२ व्होल्ट, ५४ अँपिअर

आजच्या पीसीमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या वाहिनीतून घेतात. म्हणून लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर आधी वाचावेत आणि त्यांना १२ने गुणावे. तिथे ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॅट मिळतात, म्हणजे ६५० वॅटचा दावा खरा. डब्यावर ५०० वॅट आणि रकान्यात २५ अँपिअर असतील, तर कामाचे वॅट फक्त ३०० उरतात. बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्यांवर दाखवलेले असतात आणि गेमिंगमध्ये त्यांचा उपयोग फार थोडा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसचे, म्हणजे पॉवर सप्लायचे, लेबल या एका गुणाकाराने तपासून पाहा.

१०० मायक्रोसेकंदांची उसळी

ग्राफिक्स कार्डाचे २५० वॅट ही सरासरी आहे. सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरते, म्हणजे १०० मायक्रोसेकंद, नवे कार्ड आपल्या मर्यादेच्या तिपटीपर्यंत वीज ओढू शकते, अशी मुभा पीसीआय एक्स्प्रेस ५.० च्या नियमांत आहे. आपल्या उदाहरणात ती ७५० वॅट होते. उरलेले १४८ मिळवले तर क्षणभराची मागणी ८९८ वॅटवर जाते. जुन्या धाटणीचा सप्लाय अशा वेळी सुरक्षेसाठी बंद पडू शकतो आणि खेळ चालू असताना पीसी अचानक रीस्टार्ट होतो.

२०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने हा प्रश्न सोडवला. सोळा पिनांची जोडणी असलेल्या सप्लायने १०० मायक्रोसेकंद आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार सोसलाच पाहिजे, अशी अट त्यात आहे. ६५० वॅटच्या सप्लायला ती १३०० वॅट पडते. नवा पीसी घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला सप्लाय घ्यावा, तो यासाठी.

याच सोळा पिनी जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज जाते. १२ व्होल्टला त्याचे ५० अँपिअर होतात आणि ते १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटले की प्रत्येकीवर ८.३ अँपिअर. पिनेची क्षमता ९.५ अँपिअर असल्यामुळे हातात शिल्लक फार थोडी राहते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९०च्या जोडण्या वितळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा प्लग पूर्ण आत न बसणे हे एक मुख्य कारण सांगितले गेले. आरटीएक्स ५०७०ची सगळी वीज या जोडणीतून गेली, तरी प्रत्येक पिनेवर साडेतीन अँपिअरच येतात. तरीही प्लग शेवटपर्यंत दाबावा आणि त्याच्या तोंडाशीच केबल वाकवू नये.

सोनेरी शिक्का काय सांगतो

८० प्लस गोल्ड म्हणजे, २३० व्होल्टच्या युरोपीय चाचणीत निम्म्या भारावर ९२ टक्के कार्यक्षमता. ब्राँझला ८८ टक्के पुरतात. सप्लायकडून ३०० वॅट मिळत असतील, तर ब्राँझ भिंतीतून ३४१ वॅट घेतो आणि गोल्ड ३२६. रोज चार तास खेळले तर वर्षाला साधारण २२ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर सव्वादोनशे रुपयांच्या आत. केवळ विजेचे बिल वाचवायला गोल्ड घेण्यात फारसा अर्थ नाही. उष्णतेचा फायदा मात्र खरा आहे. ब्राँझच्या डब्यात ४१ वॅट उष्णता तयार होते, गोल्डच्या डब्यात २६.

शिक्का सुरक्षेबद्दल काहीच सांगत नाही. २०२१ मध्ये गिगाबाईटचा जीपी-पी७५०जीएम हा गोल्ड सप्लाय अमेरिकेत ग्राफिक्स कार्डांसोबत जोडून विकला जात होता. गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनेलने केलेल्या चाचण्यांत त्यातले अनेक नग निकामी झाले, काही फुटले. अतिभाराला सप्लाय बंद करणारी मर्यादा ७५० वॅटच्या या नगात ९०० ते ११२५ वॅटवर ठेवलेली होती. कंपनीने ती ८२५ ते ९२५ वॅटवर आणली आणि ठरावीक क्रमांकांचे नग बदलून देण्याची तयारी दाखवली. शिक्का गोल्डच होता. त्यामुळे शिक्क्यावर न थांबता त्या मॉडेलची स्वतंत्र, उपकरणांनी केलेली चाचणी वाचावी. तिथे आणखी एक आकडा मिळतो, तो रिपलचा, म्हणजे व्होल्टेजमधल्या बारीक चढउताराचा. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट ही मानकाची कमाल मर्यादा आहे. चांगले सप्लाय तिच्या बरेच खाली राहतात.

विदर्भातला मे महिना

८० प्लसची चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. म्हणून माहितीपत्रकात पूर्ण वॅट कोणत्या तापमानाला दिले आहेत ते पाहावे. ५० अंश उत्तम, ४० अंश चालतील, तापमान लिहिलेच नसेल तर तो सप्लाय घेऊ नये.

सप्लायमधल्या कपॅसिटरचे आयुष्यही उष्णतेवर ठरते. तापमान १० अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ५५ अंशांना ६४,००० तास टिकतो. ८५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा कपॅसिटर १६,००० तास. रोज आठ तास वापर धरला तर पहिला सुमारे २२ वर्षे, दुसरा साडेपाच.

वीज गेल्यावरचे १७ मिलिसेकंद

एटीएक्स ३.० नुसार ८० टक्के भारावर सप्लायने वीज गेल्यानंतर १७ मिलिसेकंद पीसी चालू ठेवला पाहिजे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही सवड एका आवर्तनाहूनही कमी. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा. वेगळा यूपीएस घेताना व्हीए पाहू नये, वॅट पाहावेत. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि आपला पीसी पूर्ण भाराला भिंतीतून ४४० वॅटच्या आसपास घेतो. ११०० व्हीएचा, म्हणजे सुमारे ६६० वॅटचा यूपीएस इथे योग्य.

शेवटचा आकडा वॉरंटीचा. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे, हे त्यातून दिसते. सीसॉनिकच्या फोकस जीएक्स आणि कोर्सेअरच्या आरएमएक्स मालिकांना १० वर्षांची वॉरंटी आहे. पाच वर्षांहून कमी वॉरंटीचा सप्लाय गेमिंग पीसीत बसवू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पीसी असेंबल करून घेताना कोटेशनमध्ये नुसते ‘६५० वॅट एसएमपीएस’ लिहू देऊ नका. कंपनी आणि पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, बिलावर सिरीयल क्रमांक मागा आणि पैसे देण्याआधी लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर स्वतः वाचा. बजेट कमी पडले तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्या, पण सप्लायमध्ये तडजोड करू नका. कार्ड दोन वर्षांनी बदलता येते. चांगला सप्लाय त्या नव्या कार्डालाही पुरतो, आणि वाईट सप्लाय बिघडताना जुने कार्डही सोबत नेऊ शकतो.