टॉवरवाचूनचे टपाल



आपल्या जोयडा तालुक्यात ‘रेंज आहे का?’ हा प्रश्न ‘जेवण झाले का?’ या प्रश्नाइतकाच घरगुती होऊन बसला आहे. काळी नदीचे खोरे, सह्याद्रीच्या रांगा आणि व्याघ्र प्रकल्पाचे घनदाट अरण्य यांच्या कुशीत आपल्या वाड्या विखुरलेल्या आहेत. टॉवरकडून येणाऱ्या लहरी डोंगराला अडतात, आणि मग फोन हातात असूनही जगाशी संबंध तुटतो.

२०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हाची एक गोष्ट सांगतो. मी पाठांची लहान लहान चित्रफीत तयार करून विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठवीत असे. एका वाडीतील पाच मुले त्यासाठी भर पावसात छत्री घेऊन डोंगरमाथ्यावर जात. तेथे बसून प्रत्येक जण तोच पाठ आपापल्या फोनवर उतरवून घेई आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परते. पुढे भेट झाल्यावर मी त्यांचे कौतुक केले. तेव्हा त्यांतील सर्वांत धाकट्याने विचारले, “सर, एकाने डोंगरावरून पाठ आणला, तर बाकीच्या चौघांना तो घरबसल्या मिळणार नाही का?”

मिळाला असता! अगदी फुकट आणि रेंजवाचून मिळाला असता. पाचही फोनांत त्याची सोय होती. ती त्यांना सांगणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. त्या राहून गेलेल्या पाठाची भरपाई म्हणून हा लेख.

लांबचा रस्ता आणि जवळची वाट

आपण एकाच बाकावर बसलेल्या मित्राला नेहमीच्या संदेशाच्या ॲपने चित्र पाठवितो, तेव्हा ते त्याच्याकडे सरळ जात नाही. ते आधी टॉवरकडे जाते, तेथून कोठल्या तरी दूरच्या शहरातील संगणकात पोहोचते आणि पुन्हा टॉवरमार्गे मित्राच्या फोनमध्ये उतरते. शेजारच्या घरी द्यावयाची फणसाची भाजी आधी कारवारला पाठवून मग परत मागवावी, तसाच हा प्रकार होय. डेटा दोघांचाही खर्च होतो आणि टॉवर नसेल तर सारेच अडते.

याउलट, दोन फोन एकमेकांजवळ असता त्यांच्यामध्ये परस्पर देवघेव करण्याची साधने कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहेत. त्यांतील प्रमुख चार साधनांची तुलना करू.

अवरक्त किरण

दूरदर्शन संचाच्या रिमोटमधून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश म्हणजे अवरक्त किरण. या किरणांनी यंत्रांनी आपसांत कसे बोलावे, याचे नियम ठरविण्यासाठी १९९३ साली एक संघटना स्थापन झाली, आणि पुढे अनेक मोबाइलांच्या कडेला या किरणांची लहानशी काळी खिडकी दिसू लागली. हे किरण प्रकाशाचेच भाऊबंद असल्याने मध्ये हात आला तरी संदेश तुटे. दोन फोन सुमारे एक मीटरच्या आत, समोरासमोर धरून बसावे लागे. त्यांचा सामान्य वेग सेकंदाला १,१५,२०० बिट एवढाच होता. आज हे साधन फाइलींच्या कामातून निवृत्त झाले आहे.

ब्लूटूथ

प्रकाशाऐवजी रेडिओलहरी वापरल्या, तर समोरासमोर बसण्याची अट उरत नाही. १९९८ साली एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी या कामासाठी एक सामाईक पद्धत ठरविली. दहाव्या शतकात हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा डेन्मार्कचा एक राजा होऊन गेला. विखुरलेल्या टोळ्यांना एका छत्राखाली आणणारा म्हणून त्याची ख्याती होती. निरनिराळ्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या या पद्धतीला त्याचेच नाव मिळाले. ब्लूटूथचे चिन्ह हे त्या राजाच्या नावाची आद्याक्षरे जुन्या नॉर्डिक लिपीत जोडून बनविलेले आहे.

ब्लूटूथच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. याच पट्ट्यात वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही वावर असतो. या गर्दीत संदेश बिघडू नये म्हणून एक मोठी नामी युक्ती योजिलेली आहे. या पट्ट्याचे ७९ भाग पाडले असून दोन्ही फोन ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उड्या मारतात. एका ठिकाणी अडथळा आलाच, तर तो क्षणभरच टिकतो. अशा उड्या मारणाऱ्या संदेशाच्या एका युक्तीचे पेटंट १९४२ साली हेडी लामार ही चित्रपटनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी मिळविले होते, हे ऐकून नवल वाटेल!

ब्लूटूथचा पल्ला मोबाइलांमध्ये साधारणपणे दहा मीटरचा असतो आणि फाइल पाठविण्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे २० लाख बिटपर्यंत जातो. ते वीज फार थोडी खाते, आणि साध्या बटनांच्या फोनांतही पुष्कळदा आढळते, हा त्याचा मोठा गुण.

स्पर्शाइतके जवळ : एनएफसी

तिसरे साधन म्हणजे एनएफसी. याचा पल्ला अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ फोनाला फोन टेकविण्याइतका असतो. वेग सेकंदाला फार तर ४,२४,००० बिट. अँड्रॉइड फोनांत २०११ साली याच्या आधारे फोनाला फोन लावून वस्तू पाठविण्याची सोय आली होती. पुढे ती मागे पडली. आता एनएफसीचा उपयोग मुख्यतः दुकानात कार्ड टेकवून पैसे देण्यासाठी आणि दोन यंत्रांची झटकन ओळख पटविण्यासाठी होतो. ओझे वाहण्याचे काम त्याचे नव्हे.

वाय-फाय डायरेक्ट

वाय-फाय म्हटले की इंटरनेट, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. वाय-फाय ही केवळ वाट आहे. त्या वाटेने इंटरनेट येईल किंवा शेजारच्या फोनातील पाठही येईल. २०१० साली आलेल्या वाय-फाय डायरेक्ट या पद्धतीने दोन फोन मध्ये कोणतेही यंत्र न ठेवता परस्परांशी जोडले जातात.

याचा वेग एवढा मोठा का? ब्लूटूथची वाट एक मेगाहर्ट्झ रुंद, तर वाय-फायची वीस, चाळीस, ऐंशी मेगाहर्ट्झ रुंद असते. रानातील पाऊलवाटेने एक माणूस डोक्यावर भारा घेऊन जातो. हमरस्त्याने मालमोटार जाते. तसाच हा फरक. अर्थात मालमोटारीला तेल अधिक लागते, त्याप्रमाणे वाय-फायला बॅटरी अधिक लागते.

एक त्रैराशिक

आता पाटी-पेन्सिल घ्या. माझा एक पाठ ६० मेगाबाइटचा होता. एका बाइटचे आठ बिट, म्हणून एकूण ४८ कोटी बिट झाले. वर सांगितलेल्या वेगांनी भागा. अवरक्त किरणांना सुमारे ७० मिनिटे लागतील. एनएफसीला १९ मिनिटे, तीही फोन एकमेकांना चिकटवून. ब्लूटूथला ४ मिनिटे. आणि वाय-फाय डायरेक्टने सेकंदाला १० कोटी बिटांचा वेग मिळाला, तर अवघी ५ सेकंदे! म्हणजे एखादा फोटो किंवा ध्वनिफीत असेल तर ब्लूटूथ पुरे; चित्रफीत असेल तर वाय-फायची कास धरावी.

आजच्या फोनांत या दोहोंची सांगड घातलेली असते. अॅपलचे एअरड्रॉप आणि अँड्रॉइडचे क्विक शेअर ही त्याची उदाहरणे. जवळ कोण आहे, हे ब्लूटूथ शोधते आणि ओझे वाय-फाय वाहते. त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही. एके काळी घरोघरी असलेली शेअरइट व झेंडर ही ॲपे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांपैकी होती; त्यांच्यावाचून आज काहीही अडत नाही.

समान भाषा हवी

आपण जोयडेकर घरात कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड बोलतो. समोरचा कोणती भाषा जाणतो, हे पाहूनच तोंड उघडतो. फोनांचेही तसेच आहे. आयफोन हा अँड्रॉइडकडून ब्लूटूथने आलेली फाइल घेत नाही, आणि एअरड्रॉप व क्विक शेअर ही तर अनेक वर्षे एकमेकांना ओळखतही नव्हती. २०२५ च्या नोव्हेंबरात गूगलने आपल्या पिक्सेल १० फोनांपासून या दोहोंचा परिचय करून देण्यास आरंभ केला. तोवर दोन्ही बाजूंना कोणती सोय समान आहे, हे आधी पाहावे, म्हणजे व्यर्थ खटपट होत नाही.

दार उघडे टाकू नये

जवळची वाट झाली तरी तिला दार असावेच. २००४ साली कॅबिर नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम ब्लूटूथनेच एका मोबाइलातून दुसऱ्यात शिरत असे; मात्र फोनधारकाने ‘घेतो’ म्हटल्यावरच! म्हणून अनोळखी नावाने आलेली वस्तू स्वीकारू नये. जोडणी करताना दोन्ही पडद्यांवर दिसणारा आकडा एकच आहे ना, हे पाहावे. काम झाल्यावर आपला फोन सर्वांना दिसण्याची सोय बंद करावी. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या अनुमतीवाचून पुढे धाडू नये, हे तर सांगावयास नकोच.

मित्रांनो, टॉवर कधी येईल हे आपल्या हाती नाही. परंतु डोंगर पाच जणांनी चढावयाचा की एकाने, हे मात्र आपल्या हाती आहे. दिव्याने दिवा लावला असता पहिल्या दिव्याचा उजेड उणा होत नाही. फाइल दिल्यानेही आपल्याजवळची कमी होत नाही. विद्येचे तर विचारावयासच नको. यापुढे एखादा पाठ तुमच्या फोनमध्ये आला, तर संध्याकाळी शेजारच्या अंगणात जाऊन बसा आणि ज्याच्याकडे तो नाही, त्याला तो द्या. त्या धाकट्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा कोणाला विचारावा न लागो, एवढीच इच्छा.