कबरीच्या कडेला कोरलेल्या लेकी

एखाद्या घराण्याचा इतिहास कागदावर शोधावा की दगडावर, या भांडणात मी तीसेक वर्षं दगडाच्या बाजूने उभा आहे. सनदा, कैफियती, महजर यांचा मला पूर्ण आदर आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव घेऊनच आमची पिढी या वाटेला लागली. पण घराणं व्यापाऱ्याचं असेल, त्यातही चिनी आणि समुद्र ओलांडून गेलेलं असेल, तर दप्तराआधी कबरी गाठाव्यात. हे मी पूर्वी लिहिलं तेव्हा एका जाणकारांनी ‘स्मशानसंशोधन’ असा टोमणा मारला होता. हरकत नाही. स्मशानात निदान कुणी मध्येच अध्यक्षीय समारोप करत नाही.

अशा कबरींचा आढावा म्हटल्यावर सगळी ठिकाणं घ्यायला हवीत, म्हणून भराभर उरकतो. मलाक्काची बुकित चिना ही टेकडी सर्वांत जुन्यांपैकी. तिथे बारा हजारांवर कबरी आहेत, आणि १९८४मध्ये तिच्यावर इमारती उठवायचा घाट घातला गेला तेव्हा लोकांनी तो हाणून पाडला. आपल्याकडे कोलकात्याच्या खाली, बजबजच्या पुढे अछिपूरला हुगळीच्या काठी तोंग अछ्यूची घोड्याच्या नालेसारखी लालभडक कबर आहे. वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला होता. गावाला नाव त्याचंच पडलं. कोलकात्याचे चिनी अजूनही नववर्षाच्या सुमारास तिथे जातात. पण अछ्यूच्या बाजूला त्याची पुढची पिढी नाही, त्यामुळे वंश सापडत नाही. एकटी कबर म्हणजे पहिलं पान राहून बाकीचं फाटलेलं पुस्तक.

माझा जीव अडकला तो सिंगापूरच्या तान घराण्यात. मुलगी तिकडे नोकरीला होती, त्या निमित्ताने सात-आठ खेपा झाल्या. ती मॉल दाखवायला निघायची आणि मी छत्री घेऊन टेकड्यांकडे.

मूळ पुरुष तान तॉक सेंग, जन्म १७९८, मलाक्काचा. बाप फूच्येन प्रांतातून आलेला. ब्रिटिशांनी १८१९ साली सिंगापुरात वखार घातली, तेव्हाच हा एकवीस वर्षांचा पोरगा तिथे भाजी, फळं आणि कोंबड्या विकायला पोचला. पुढे नदीकाठी दुकान, एका इंग्रज व्यापाऱ्याबरोबर जमिनींचे व्यवहार, आणि सिंगापुरातला पहिला आशियाई जस्टिस ऑफ द पीस हा मान. १८४४ साली पर्ल्स हिलवर गोरगरिबांच्या इस्पितळाची पायाभरणी झाली ती त्याच्या पैशावर, आणि ते इस्पितळ आजही त्याच्या नावाने चालतं. १८५०मध्ये तो वारला. त्याची कबर आउट्रम रोडच्या कडेच्या उतारावर आहे, खालून बसगाड्या धावतात. हा आउट्रम म्हणजे आपल्या खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा तोच. सिंगापूरच्या रस्त्यावर खानदेश भेटतो तो असा.

त्या कबरीच्या शेजारी घराण्यातल्या दोन बायका पुरलेल्या आहेत. बहुतेक लेख तॉक सेंगवर चार परिच्छेद लिहितात आणि या दोघींना ओलांडून पुढे जातात. माझा सगळा झगडा इथे आहे.

चिनी घराण्याची छापील वंशावळ उघडली की पुरुषांचे वेल बापापासून मुलाकडे सरळ उतरत जातात. प्रत्येक पिढीचं एक ठरलेलं अक्षर असतं, ते नावात ओवलेलं दिसतं, आणि ते पाहून चुलतभाऊ कोण नि पुतण्या कोण हे कळतं. व्यवस्था सुरेखच आहे. पण सून असते ती बऱ्याचदा ‘ली घराण्यातली’ एवढीच, आणि लेक तर अनेकदा नसतेच. आता कबरीसमोर या. मधल्या ओळीत मयताचं नाव, वर मूळ गाव, एका बाजूला तारीख, आणि कडेच्या बारीक ओळींत दगड उभा करणारे मुलगे. मुलग्यांच्या शेजारी लेकी, नावानिशी. कधी जावई, कधी नातीसुद्धा. आईच्या दगडावर तिचं माहेरचं आडनाव. तॉक सेंगची बायको ली सेओ निओ लग्नानंतरही ‘ली’च राहिली. गेलांगला तिची नारळाची मोठी बाग होती, आणि इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डाला तिने पैसे दिले. नावातला ‘निओ’ म्हणजे आपला ‘बाई’ समजा.

थोरला मुलगा तान किम चिंग (१८२९–१८९२) बापाच्या वरताण निघाला. सयाम आणि सायगावकडे भाताच्या गिरण्या, सिंगापुरातल्या होक्येन लोकांचं पुढारपण, आणि सयामच्या राजाचा वकील. १८६२ साली राजा मोंगकुटला मुलांसाठी इंग्रजी शिक्षिका हवी होती, तेव्हा सिंगापुरातल्या ज्या विधवा बाईशी किम चिंगच्या मार्फत बोलणं झालं, ती ॲना लिओनोवेन्स. सिनेमामुळे जगाला माहीत झालेली. ती स्वतःला वेल्सची म्हणवत असे. जन्म मात्र १८३१चा, आपल्या नगरचा, आणि लग्न १८४९ साली पुण्यात. हे खोटं उघडं पडलं ते नोंदवह्यांमुळे, दगडामुळे नव्हे. इथे कागद जिंकला, हे मला मान्य करावंच लागतं.

किम चिंगला पुरलं ते चांगीकडच्या त्याच्या खासगी जागेत. १९४०मध्ये त्याला तिथून उचलून सिंगापुरातल्याच बुकित ब्राउन या दफनभूमीत आणलं. किम चिंग म्हणजे सोन्याची घंटा. नातू तान बू लिआतने पेंडर रोडवर हवेली बांधली, तिला नाव दिलं ‘गोल्डन बेल’. १९११च्या डिसेंबरात चिनी क्रांतिकारक सुन यत-सेन तिथे उतरले होते. आजोबाचं नाव घराला द्यायचं आणि ते परक्या भाषेत, यातच त्या पिढीचा कल कळतो.

बुकित ब्राउन १९२२ साली म्युनिसिपालटीने सुरू केली, १९७३ला बंद झाली. एक लाखाच्या आसपास कबरी. मार्गदर्शक आधी ओंग साम लिओंग या व्यापाऱ्याच्या अवाढव्य कबरीकडे नेतात. २००६पर्यंत ती झाडीत गडप होती. काही कबरींच्या दाराशी पगडीवाले शीख पहारेकरी कोरलेले आहेत. जिवंतपणी बंगल्याला शीख दरवान, मग मेल्यावर का नको? लोक त्यांचेच फोटो काढतात. काढोत बापडे.

मला तिथे वाचायला शिकवलं ते एका निवृत्त चिनी मास्तरांनी. खांद्यावर पाण्याची बाटली, हातात मऊ ब्रश, आणि भर दुपारी टॉर्च. दगडावर पाणी सोडायचं आणि प्रकाश आडवा, कडेने टाकायचा, की झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. तारखांचा घोळ त्यांनीच सोडवला. कुठे छिंग बादशहाचं राजवर्ष, कुठे चिनी प्रजासत्ताकाचं साल. त्यात १९११ मिळवा म्हणाले. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्या माणसाला यात काय अवघड? एका दगडावर मात्र साल निघालं २६०२. मी हिशेब चुकला समजून पुन्हा पाणी ओतलं. मास्तर म्हणाले, ‘‘चूक नाही. जपानी साल आहे. १९४२.’’ सिंगापूर पडल्याचं वर्ष. राज्य कुणाचं होतं हे त्या कुटुंबाला मढं मातीत घालतानाही विसरता आलं नव्हतं.

जोडकबरीवर हयात जोडीदाराचं नाव लाल रंगवतात, गेल्यावर तो लाल उतरवतात. एके ठिकाणी अजून लाल राहिलेलं नाव दिसलं. म्हातारी कुठे दुसरीकडे गेली असेल, की मुलं परदेशी, रंग बदलायला कुणी आलं नाही? हा प्रश्न कुठल्याही वंशावळीत पडत नाही.

२०११मध्ये तिथून मोठा रस्ता न्यायचं जाहीर झालं. चार हजारांच्या आसपास कबरी उकरल्या गेल्या. त्याआधी नोंदी झाल्या, छायाचित्रं निघाली, हौशी मंडळींनी उन्हातान्हात काम केलं, हे कबूल. तरी मेखा ठोकून नंबर घातलेल्या त्या ओळी पाहताना पोटात कालवलं. ‘सगळं डिजिटल झालंय, आता दगडाचं काय अडलंय’ असं मला एका तरुण अभ्यासकाने ऐकवलं. त्याने पडद्यावर कबर मोठी करून दाखवली. अक्षरं दिसत होती. पण शेजारी कोण पुरलंय, ते त्या चौकटीत नव्हतं. नवी पिढी राख भिंतीतल्या कोनाड्यात ठेवते. फरशीएवढी पाटी, त्यावर लेकीबाळी मावणार कुठे?

शेवटच्या खेपेला एप्रिलात छिंगमिंग होतं, पितरांच्या कबरी साफ करायचा सण. मास्तरांनी आईच्या कबरीवरचं गवत उपटलं, रंगीत कागद खड्यांखाली दाबले, संत्री ठेवली. मग शेजारच्या, कुणीच न आलेल्या कबरीवरही दोन कागद दाबले. मला म्हणाले, ‘‘तुमच्या आजीचं नाव काय?’’

सांगितलं, रुक्मिणी.

‘‘ते सासरचं. जन्माचं?’’

आमचा कुलवृत्तांत माझ्या कपाटात आहे, कापडी बांधणीचा, चारशे पानांचा. त्यात आजोबांपुढे ‘पत्नी रुक्मिणी’ आणि आत्यांच्या जागी ‘कन्या ३’ असं छापलंय. माहेरचं नाव विचारावं असं आजी असेपर्यंत कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. मास्तर वाट बघत होते. मी बाटली उचलली आणि पुढच्या दगडावर पाणी सोडलं.