व्यायामाला दूरध्वनीची साथ

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा दीर्घकालीन विकार आहे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरील मायेलिन या आवरणावरच आघात करते. परिणामी अशक्तपणा, तोल जाणे, दृष्टिदोष आणि विलक्षण थकवा ही लक्षणे दिसतात. विकाराची सुरुवात बहुधा २० ते ४० या ऐन कर्त्या वयात होते.

पूर्वी अशा रुग्णांना श्रम टाळण्याचाच सल्ला दिला जाई. कारण शरीर तापले की लक्षणे वाढतात. मात्र ही वाढ तात्पुरती असून शरीर थंड होताच ओसरते. १९९६ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १५ आठवड्यांच्या व्यायामाने रुग्णांची क्षमता वाढल्याचे दाखविले. २०२० साली तेथील राष्ट्रीय एमएस सोसायटीच्या तज्ज्ञांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे व्यायाम किंवा हालचाल, प्रकृतीनुसार व क्रमाक्रमाने, करावी अशी शिफारस केली.

खरी अडचण आहे ती सातत्याची. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारा रुग्ण आमच्या भौतिकोपचार विभागात पोहोचेपर्यंतच थकून जातो. सोबतच्या नातेवाइकाचा रोजगार बुडतो. मग येणे थांबते आणि व्यायामही सुटतो.

दूरस्थ मार्गदर्शनाचे प्रयोजन हेच. पहिली तपासणी रुग्णालयात प्रत्यक्षच होते. रुग्णाचा तोल, स्नायूंची शक्ती व पडण्याचा धोका पाहून व्यायाम ठरविला जातो. त्यानंतर ठरलेल्या दिवशी भौतिकोपचार तज्ज्ञ दूरध्वनी किंवा व्हिडिओ कॉलवरून रुग्णाशी बोलतात, नोंदवही वाचून घेतात, व्यायाम का चुकला हे दोष न देता विचारतात आणि पुढील आठवड्याचे लहानसे उद्दिष्ट रुग्णाकडूनच ठरवून घेतात. उन्हाळ्यात व्यायाम पहाटे करावा, पंखा व थंड पाणी जवळ ठेवावे, अशा साध्या सूचनाही तेव्हाच दिल्या जातात.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, तोल सांभाळण्याचे व्यायाम चालू असताना कोणीतरी जवळ असावे. दृष्टी अंधुक होणे किंवा नवा अशक्तपणा २४ तासांहून अधिक टिकल्यास पुढील कॉलची वाट न पाहता डॉक्टरांशी संपर्क साधावा.

आता थोडे हिशेबाविषयी. देणगीतून घेतलेले यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते व त्यावर दात्याचे नावही लावता येते. दूरध्वनीवरील तज्ज्ञाचा वेळ मात्र वेतनखर्चात मिसळून जातो. तो दरवर्षी नव्याने उभा करावा लागतो. परंतु गावी परतलेल्या रुग्णापर्यंत यंत्र पोहोचत नाही, हा वेळ पोहोचतो. म्हणून काही देणग्या यंत्रसामग्रीबरोबरच या आवर्ती खर्चासाठीही द्याव्यात, अशी आमची देणगीदारांना नम्र विनंती आहे. आणि विश्वस्त मंडळाने अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, अशी शिफारस आम्ही करीत आहोत.