ट्राउट नसलेल्या मुलखातील फ्लाय फिशिंग

वऱ्हाडातील ओढ्यांत ट्राउट मासा जगू शकत नाही, याचे मुख्य कारण पाण्याचे तापमान हे आहे. मूळचा थंड प्रदेशातील हा मासा साधारणपणे १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात उत्तम वाढतो. पाणी तापते तसतशी त्यात विरघळणाऱ्या प्राणवायूची कमाल मात्रा लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅमवरून (१० अंशांना) साडेसातपर्यंत (३० अंशांना) उतरते आणि नेमकी तेव्हाच माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणूनच इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राउट रुजवला तो काश्मीर आणि निलगिरीत.

तरीही ट्राउटच्या निमित्ताने घडलेली फ्लाय फिशिंगची ही कला वऱ्हाडातल्या नांदगाव पेठच्या परिसरातही शिकता येते. नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि दोरी शिशाच्या वजनाने दूर जाते; या कलेत मात्र गरीवर पिसे व दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी, म्हणजेच ‘फ्लाय’, जवळजवळ वजनरहित असल्याने वजन दोरीलाच द्यावे लागते. ५ क्रमांकाच्या दोरीचा पहिला ३० फुटांचा भाग सुमारे ९ ग्रॅम भरतो. लवचीक काठी मागे नेऊन, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबून, मग पुढे आणून एकाएकी रोखली, की दोरीचा वळसा हवेत उलगडत जातो आणि माशी पाण्यावर अलगद उतरते. नवशिक्याचे बहुधा बिनसते ते मधल्या थांब्यात, कारण दोरी सरळ होण्यापूर्वीच त्याचा हात पुढे येतो.

प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या वर्तुळाकार खिडकीतून दिसते. ३० सेंटिमीटर खोलीवर तिचा व्यास सुमारे ६८ सेंटिमीटर असतो. काठालगतच्या ठेंगण्या वस्तू तिच्या कडेला दबून अंधुक दिसतात, त्यामुळे ओणवे होऊन येणारा माणूस सहसा लक्षात येत नाही.

सरावाला बॅरिलियस गटातील, पृष्ठभागावरचे कीटक टिपणारे बोटभर मासे पुरेसे आहेत. वाहता झोत आणि संथ पाणी जेथे मिळते त्या रेषेवर ते दबा धरतात; मात्र दोरीच्या ओढीने माशी प्रवाहापेक्षा वेगाने सरकली, तर ते तिला तोंड लावत नाहीत.

पावसाळा बहुतेक माशांच्या विणीचा असल्याने हा छंद हिवाळ्यात करावा, गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून मासा परत सोडावा आणि तलावांवर मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेची परवानगी घ्यावी. मेळघाटातील गुगामल राष्ट्रीय उद्यानात मात्र मासेमारीला कायद्याने मनाई आहे.