प्रथम पत्ता, मग आजार

घरात कोणी अचानक कोसळले की आपला हात दूरध्वनीकडे जातो. परंतु नेमके काय सांगावे, हे त्या क्षणी सुचत नाही. पलीकडून प्रश्न येऊ लागले की, ‘अहो, विचारता काय, आधी गाडी पाठवा!’ असे संतापाचे उद्गार बाहेर पडतात. संताप स्वाभाविक आहे. पण त्यात मोलाची मिनिटे जातात. म्हणून हे संभाषण कसे होते, ते निवांतपणी जाणून घेतलेले बरे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची निःशुल्क रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. राज्यातून या क्रमांकावर केलेला दूरध्वनी पुण्यातील मध्यवर्ती नियंत्रण कक्षात घेतला जातो. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ घोटाळा टळतो. बोलणारी व्यक्ती तुमच्या गावची असेलच असे नाही. ‘मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता तुमच्या आळीत पुरतो, पुण्यात पुरत नाही. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, वाडी किंवा वसाहत आणि शेवटी ठळक खूण, या क्रमाने सांगा. महामार्गावर असाल तर किलोमीटरच्या दगडावरील आकडा आणि तुम्ही कोणत्या दिशेने निघाला होता, तेही सांगा. संभाषण मध्येच तुटले तरी पत्ता हाती असल्यास मदत निघू शकते. नुसता आजार कळून कोणालाही तुमचे दार सापडत नाही.

यानंतर विचारतील : काय झाले, वय किती, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का? या सेवेत प्राथमिक आणि प्रगत जीवरक्षक अशा प्रकारच्या रुग्णवाहिका असतात. कोणती पाठवावी, हे तुमच्या उत्तरांवरून ठरते. ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. अंदाज सांगू नका. श्वासाविषयी उत्तर देताना छाती वरखाली होते का, ते पाहा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. प्रौढ रुग्ण शुद्धीवर नसेल आणि श्वासही नसेल, तर फोनचा स्पीकर चालू ठेवून छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ सांगा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका. रुग्णवाहिकेतील डॉक्टर किंवा चालक वाट विचारण्यासाठी अनोळखी क्रमांकावरून फोन करतील, तो उचला. त्याच फोनवरून नातेवाइकांना कळवत बसू नका. एकाला रस्त्यावर उभे करा, दारातला दिवा लावा, कुत्रा बांधा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या हाताशी ठेवा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नका.

मुले परराज्यात आणि आईवडील गावी, अशी आज अनेक घरांची स्थिती आहे. १०८ ची व्यवस्था राज्यनिहाय असल्यामुळे बंगळुरूहून लावलेला फोन कर्नाटकातच घेतला जाईल. अशा मुलांनी आईवडिलांच्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक जवळ ठेवावेत आणि १०८ वर त्यांनाच फोन करायला सांगावे. आग किंवा पोलिसांचे साहाय्यही हवे असेल, तर ११२ लक्षात असू द्या.

आज एकच काम करा. घराचा पूर्ण पत्ता ठळक अक्षरांत लिहून दाराजवळ लावा आणि घरातील मुलांकडून, आजी-आजोबांकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्या. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. पण समोर लिहिलेले वाचता येते.